अकरा दिवस थाप बंद

संक्रांतीच्या संध्याकाळी, बी विंगच्या लिफ्टसमोर, एका हातात तिळगुळाचा डबा धरून हंसाबेनने माझ्याशी पैज लावली. उत्तम चाळके नावाचा माणूस अकरा दिवस खोटं न बोलता राहू शकत नाही, अशी.

मी म्हटलं, लागली.

भांडण कुंड्यांवरनं होतं. आमची गिरीछाया सोसायटी मीरा रोडला काशीगावच्या मागे, डोंगराला पाठ टेकून बसलीय. कंपाउंडची भिंत संपली की जंगल चालू. त्याच्या आधीच्या रविवारी मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं की उद्या दहा वाजता वनखात्याचे साहेब येतायत, जंगलाला लागून असलेल्या बिल्डिंगांतल्या कुंड्या मोजणार, घरटी तीनच अलाउड. झालं. अर्ध्या तासात सगळ्या गॅलऱ्या टकल्या. हंसाबेनकडे बावीस कुंड्या. तिने त्या सगळ्या बाथरूममध्ये कोंबल्या, आणि तिच्या नवऱ्याने सोमवारची अंघोळ तुळस आणि क्रोटनच्या मधे एका पायावर उभं राहून केली. अकरा वाजता मी लिहिलं की साहेबांची गाडी वरसाव्याच्या पुलावर ट्रॅफिकमध्ये अडकलीय. कुंड्या संध्याकाळपर्यंत बाथरूममध्येच.

हंसाबेन पहिल्या मजल्यावर राहते, एकशे एकमध्ये. तिच्या खिडकीतनं गेट दिसतं, लिफ्ट दिसते, कोणाच्या पिशवीत काय आहे तेसुद्धा दिसतं. स्वतः कधी खोटं बोलत नाही. साखर मागायला गेलात आणि द्यायची नसेल तर सरळ सांगते, आहे पण देणार नाय. अशी बाई माझ्यावर चिडली, तर त्यात तिचं काय चुकलं.

अटी तिथल्या तिथे ठरल्या. मुदत रथसप्तमीच्या रविवारी संध्याकाळी सहापर्यंत, म्हणजे सोसायटीचं हळदीकुंकू सुरू होईपर्यंत. गप्प बसायला परवानगी. थाप मारायला नाही. मस्करीतसुद्धा नाही, फोनवरसुद्धा नाही. मी हरलो तर हळदीकुंकवात सगळ्या बायकांसमोर माइकवर उखाणे घ्यायचे, सात मजल्यांचे सात, आणि उखाण्यातसुद्धा एक अक्षर खोटं नको. हंसाबेन हरली तर तिने त्याच माइकवर म्हणायचं, उत्तमभाईंसारखा सच्चा माणूस मी पाहिला नाही. नुसतं हे वाक्य ठरवतानाच तिचं तोंड कारलं चावल्यासारखं झालं होतं.

"घरातलं मी बघते," आमची नीलिमा तिला म्हणाली. "तुम्ही फक्त गेट सांभाळा."

बायको फितूर. मला तर अजून मजा आली. बावन्न वर्षांत असा खेळ कधी खेळलो नव्हतो.

पण खेळ काय आहे ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. मी पाण्याच्या फिल्टरची सर्व्हिस करतो. मीरा रोड, भाईंदर, घोडबंदर, स्कूटरवर बॅग टाकून फिरायचं. आमच्या धंद्यात फिल्टरच्या कँडलपेक्षा जास्त चालतं ते एक वाक्य, निघालोय, पाच मिनिटांत पोचतोय. हे वाक्य मी पंचवीस वर्षं अंथरुणातनं बोलत आलोय. सकाळी आठला भाईंदर पूर्वेच्या एका मॅडमचा फोन आला, कुठपर्यंत आलात. नीलिमा समोर चहा गाळत उभी, कान टवकारून. मी म्हटलं, मॅडम, मी घरी आहे, बनियनवर आहे, चहा प्यायचाय, नंतर अंघोळ, मग अजून एका ठिकाणी जायचंय, तुमच्याकडे दीड वाजेल. मला वाटलं गेलं गिऱ्हाईक. तर मॅडम म्हणाल्या, दीड ना, मग मी निवांत बाजारात जाऊन येते, आजपर्यंत एवढं नीट कोणी सांगितलंच नाही.

मी उडालोच. दिवसभर असंच. एकाला सांगितलं तुमचा फिल्टर बदलायची गरज नाही, नुसता नळ घासा. त्याने मला आपल्या मेहुण्याचा नंबर दिला. संध्याकाळी मी जिना चढत चढत गाणं म्हणत वर आलो. खरं बोलण्यात एवढी गंमत असते हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर.

तिसऱ्या मजल्यावर माझ्या दाराशी शिवा उभा होता.

शिवा पाष्टे आमच्या बरोबर खाली, दोनशे चारमध्ये. मूळचा रत्नागिरीकडचा, हायवेवरच्या एका गॅरेजमध्ये मेकॅनिक. बायको संचिता, एका नर्सिंग होममध्ये बिलिंगला बसते. मुलगी अनुष्का, दहावीत. मी तीनशे चारमध्ये भाडेकरू, तो दोनशे चारमध्ये भाडेकरू. फरक एवढाच की माझा मालक वसईत, म्हातारा, आणि विसरभोळा. अकरा महिन्यांचे बारा करार झाले माझे, अकरा वर्षं मी इथे आहे. शिवाच्या नशिबात तसे मालक नाहीत. अकरा महिने झाले की सामान टेम्पोत. चार वर्षांत चार घरं. त्यांच्या भिंतीला एक खिळासुद्धा नाही, कारण मालक खिळा मारू देत नाही. कॅलेंडर फ्रिजच्या हँडलला लटकतं आणि फ्रिज उघडला की जानेवारी महिना मागे जातो.

शिवाने सांगितलं ते असं. मालक परागसाहेबांचा ठाण्याहून फोन आला होता. करार एकतीस तारखेला संपतोय. भाडं वाढवून देणारी पार्टी मिळाली तर तुम्ही खाली करा. पंचवीस तारखेपर्यंत कोणी टोकन दिलं नाही, तर राहा अजून अकरा महिने याच भाड्यात, कारण मला फ्लॅट एक महिनासुद्धा रिकामा ठेवायचा नाही. एजंट रोशन उद्यापासून पार्ट्या आणणार.

आणि अनुष्काचं सायन्सचं प्रॅक्टिकल दोन तारखेला. मग वीस दिवसांत बोर्ड. शाळा इथनं चालत दहा मिनिटांवर. एकतीसला टेम्पो आणि दोनला प्रॅक्टिकल. त्याने भाईंदर पूर्वेला एक घर बघितलं होतं, चौथा मजला, लिफ्ट नाही, शाळेला दोन बस.

"परागसाहेबांना सांगितलं का, पोरगी दहावीला आहे म्हणून?"

"सांगितलं. म्हणाले प्रत्येकाच्या घरी कोणीतरी कुठल्यातरी परीक्षेला असतंच." शिवाने माझ्याकडे बघितलं. "उत्तमदादा, येणाऱ्या लोकांपुढे अनुष्काचं काही बोलू नका. पोरीच्या नावाने भीक नको. पण तुमचं ते... तुम्ही काहीतरी सोडा ना. तुमच्या थापांनी बावीस कुंड्या हलल्या, दोन भाडेकरू पळवणं काय मोठं आहे."

बघा नशीब. आयुष्यभर फुकट थापा मारल्या, आणि ज्या आठवड्यात थापेची खरंच कोणाला गरज पडली, त्या आठवड्यात माझं दुकान बंद. पैजेचं सांगितलं तर शिवाचा चेहरा असा पडला की मी हसू आवरलं, आणि माझं हसू आवरणं ही साधी गोष्ट नाही.

पण जेवता जेवता माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. थाप कशाला पाहिजे. आमच्या सोसायटीबद्दल नुसतं खरं सांगितलं तरी माणूस वाट फुटेल तिकडे पळेल. माकडं आहेत, टँकर आहे, मागच्या बेडरूममध्ये मोबाइलला रेंज नाही, आणि नोव्हेंबरात पंप रूमच्या मागे बिबट्या येऊन गेला त्याचं कॅमेऱ्यातलं रेकॉर्डिंग आहे. मी जिंकणार, शिवा राहणार आणि हंसाबेन माइकवर माझी आरती ओवाळणार. मी रात्री झोपेतसुद्धा हसत होतो असं नीलिमा सांगते.

पहिली पार्टी शनिवारी आली. क्षितिजा आणि निकेत, तिशीतलं जोडपं, अंधेरीत राहणारं, दोघंही घरनं काम करणारे. रोशन पुढे, मी बरोबर लिफ्टपाशी. मी म्हटलं, इथेच राहतो, काही विचारायचं असेल तर विचारा, मी सगळं खरं सांगतो. खिडकीतनं हंसाबेनचं डोकं बाहेर आलं.

क्षितिजाने विचारलं, इथे माकडं येतात का. मी म्हटलं, रोज. सकाळी सातला पहिली बॅच, साडेचारला दुसरी. कोथिंबीर धुऊन ठेवली तर नेतात, न धुतलेली ठेवतात. एकाने माझा चष्मा नेला होता, तीन दिवसांनी काच फुटलेला परत टाकला. मी थांबलो, बाई किंचाळायची वाट बघत. ती निकेतचा हात धरून म्हणाली, ऐकलंस, रोज येतात.

मी बिबट्या काढला. तारीख सांगितली, वेळ सांगितली, कुठून कुठे गेला ते सांगितलं. निकेतने लगेच विचारलं, कुठल्या गॅलरीतनं दिसेल. त्याला रेकॉर्डिंग हवं होतं. रोशनने मोबाइलमधलं दाखवलं, तर दोघं लहान पोरांसारखी डोकं डोक्याला लावून चार वेळा बघत बसली. जाताना क्षितिजाने माझा हात हातात घेऊन थँक्यू म्हटलं. इतका प्रामाणिक शेजारी मिळायला भाग्य लागतं म्हणे.

वर हंसाबेन खिडकीत बसून पदराने डोळे पुसत होती. हसून हसून.

सोमवारी एक रिटायर्ड काका आले. त्यांना मी टँकर ऐकवला, दिवसाआड येतो, सकाळी सहाला, पाईपचा आवाज सगळ्या विंगला. काकांनी चष्मा काढला. ते राहायचे तिथे पाण्याचा काही नेमच नव्हता. दिवसाआड म्हणजे नक्की ना, त्यांनी तीनदा विचारलं, आणि वहीत तारे काढून लिहून घेतलं. मंगळवारी एक बाई आली, तिचा मुलगा अथर्व दिवसभर मोबाइलवर गेम खेळणारा. मी मोठ्या आशेने म्हटलं, मागच्या खोलीत रेंज शून्य. बाईने पोराकडे अशी नजर टाकली की त्याला कळलं त्याची बेडरूम कुठली ते.

मी कपाळावर हात मारला. ज्याला जे संकट म्हणून सांगावं ते त्याला वाढदिवसाच्या केकसारखं वाटत होतं. शहरातली माणसं कशाला वैतागलीत आणि कशाला आसुसलीत हे पंचवीस वर्षांचा धंदा करून मला कळलं नव्हतं. गुरुवारी रोशनने मला गेटवर धरलं आणि हिंदीत म्हणाला, अंकल, आप मेरे साथ काम करो, आपके जैसा फ्लॅट कोई नहीं दिखाता. परागसाहेब म्हणे एवढे खूश झालेत की त्यांनी भाडं अजून वर नेलंय. काका त्या आकड्याला मागे सरले. अथर्वची आई पण. पण अंधेरीचं जोडपं तयार आहे. रविवारी चार वाजता साहेब स्वतः येतायत, टोकन घ्यायला.

म्हणजे शिवाचं घर मी विकलं होतं, खरं बोलून बोलून.

त्या संध्याकाळी मी दोनशे चारमध्ये गेलो. सांगायला. संचिताने माळ्यावरचे रिकामे खोके खाली काढले होते ते पायाने बाजूला केले, मला बसायला जागा व्हावी म्हणून. खोक्यांवर मागच्या घरांतलं लिहिलेलं तसंच होतं, किचन, देव, अनु पुस्तकं. अनुष्का टेबलाशी बसून आकृती काढत होती, हृदयाची. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "काका, एकतीसला टेम्पो सकाळचा ठरवायला सांगा ना बाबांना. म्हणजे संध्याकाळी टेबल तरी लागेल."

मी उठलो आणि गाणं न म्हणता जिना चढलो.

रविवार उजाडला. रथसप्तमी. खाली पार्किंगमध्ये मांडव, लाल खुर्च्या, वाण म्हणून वाटायच्या स्टीलच्या चाळण्यांची थप्पी. साउंडवाला आला होता, हॅलो चेक चेक चालू. साडेतीनपर्यंत मी अकरा दिवसांत एकही थाप मारली नव्हती. आख्ख्या बी विंगला ते माहीत होतं. हंसाबेन केसात गजरा माळून खाली आली होती आणि ओठ हलवत होती. ते वाक्य पाठ करत असणार. अडीच तास राहिले होते. मला जिंकलेलं दिसत होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत शिवा उभा होता, हात कठड्यावर, तेही मला दिसत होतं.

चार वाजता परागसाहेब आले. पांढरे बूट, हातात पाउच. मागनं क्षितिजा, निकेत, रोशन. फ्लॅट पुन्हा बघून झाला. सगळे लिफ्टमधनं खाली आले, मांडवाच्या कडेला. रोशनने पावतीपुस्तक काढलं. निकेतने खिशातनं पाकीट काढलं. मी चार पावलांवर, माझ्या बाजूला हंसाबेन, तिच्या हातात हळदीकुंकवाचं ताट.

आणि पाकीट हातात धरून निकेत माझ्याकडे वळला. "काका, एकच शेवटचं. माझे दिवसभर ऑफिसचे कॉल असतात. वर कोण राहतं? आवाज वगैरे काही?"

आता वर राहतो मी. मी आणि नीलिमा. मुलगा स्वप्नील पुण्यात नोकरीला. दिवसभर मी बाहेर, ती शिवणाच्या क्लासला. रात्री नऊ वाजता आमच्या घरात पंख्याशिवाय आवाज नसतो. मी गप्प बसू शकत होतो. अटीत बसत होतं. पण मी गप्प बसलो असतो तर तो हसून टोकन देऊन मोकळा झाला असता.

अकरा दिवस हलवलेल्या सोड्याच्या बाटलीचं झाकण उडालं.

"वर मी राहतो," मी म्हटलं. "आमची बेंजो पार्टी आहे."

हंसाबेनचं ताट हललं. कुंकू सांडलं थोडं.

एकदा सुटलो तो सुटलोच. म्हटलं, सात जणांचा ग्रुप. बेंजो मी स्वतः वाजवतो, मेहुणा ढोलावर, चुलतभाऊ ताशावर. लग्नांचा सीझन चालू झाला की प्रॅक्टिस सकाळी दहा ते दुपारी तीन, तुमच्या बेडरूमच्या बरोबर डोक्यावर, कारण आमच्या हॉलमध्ये घुमतं चांगलं. मेहुणा नवा आहे, ठेका चुकतो, मग पहिल्यापासून घ्यावं लागतं. मे महिन्यात दोन शिफ्ट. गणपतीच्या आधी महिनाभर तर जेवायला सुट्टी नाही, जेवताना ताशा चालू ठेवतो. निकेतने विचारलं, सोसायटी काही बोलत नाही. मी म्हटलं, सोसायटीच्या गणपतीला फुकट वाजवतो ना. तेवढ्यात साउंडवाल्याने स्पीकरवर कुठलं तरी नाशिक ढोल लावलं, असं की खुर्च्या थरथरल्या. त्याला कोणी सांगितलं नव्हतं, आई शप्पथ.

परागसाहेबांनी माझ्याकडे संशयाने बघितलं. ते फ्लॅट घेतल्यापासून इथे सहा वेळा आले असतील. वर कोण राहतं त्यांना काय माहीत.

क्षितिजाला खात्री पटेना. ती हुशार मुलगी. ती वळली ती थेट हंसाबेनकडे. "आंटी, तुम्ही इथेच राहता ना? हे खरं आहे?"

तुम्हाला सांगतो, पंचवीस वर्षांच्या थापांत माझे कान एवढे गरम झाले नव्हते. हंसाबेन जिंकली होती. नुसतं एवढंच म्हणायचं होतं, खोटं बोलतोय. पैज तिची, मजा तिची, बावीस कुंड्यांचा हिशेब चुकता. आणि ती बाई खोटं बोलणार नाही, हे मला माझ्या नावाइतकं माहीत होतं.

तिने वर बघितलं. कठड्याला टेकलेल्या शिवाकडे. मग माझ्याकडे.

"बेटा, बेंजोचं मला काय समजत नाय," ती शांतपणे म्हणाली. "मी तुला एकच सांगते. ह्या माणसाचा आवाज एकदा सुरू झाला ना, तर सात मजले ऐकू येतो. अकरा वरस झाली, मी पहिल्या मजल्यावर बसून रोज ऐकते. डोकं दुखतं माझं."

एक शब्द खोटा नाही. तुम्हीच बघा.

पाकीट परत खिशात गेलं. रोशन कसलेला एजंट, पार्टी हातची जाऊ देईल तर शपथ. ए विंगला सातव्या मजल्यावर एक फ्लॅट रिकामा होता, तो त्याने आतापर्यंत दडवून ठेवला होता, कारण त्याची दलाली दुसऱ्या एजंटबरोबर अर्धी वाटायला लागते. आता अर्धी तर अर्धी. म्हणाला, चलो, उधर से तो पूरा पहाड दिखता है, और ऊपर टेरेस है, कोई बजानेवाला नहीं. अर्ध्या तासात ते तिघं हसत खाली आले. टोकन तिकडे गेलं.

परागसाहेब मांडवात एका लाल खुर्चीवर बसून फोन लावत होते. काकांनी दुसरीकडे घर घेतलं होतं. अथर्वच्या आईने फोन उचलला नाही. नीलिमाने त्यांना मसाला दूध नेऊन दिलं. साडेपाचला ते खाली आलेल्या शिवाला म्हणाले की बरं, तुम्हीच राहा, याच भाड्यात, पण अकराच महिने, आणि भिंतीला खिळा नको. शिवाने मान डोलावली, साहेब ठाण्याला निघाले. वर गॅलरीत संचिता होती. ती आत गेली, आणि मग तिच्या घरातनं खोके चपटे करायचे आवाज आले, एकामागून एक. ढोलापेक्षा गोड वाटले मला.

सहाला पाच कमी असताना मी हंसाबेनसमोर जाऊन उभा राहिलो आणि दोन्ही कान धरले. ती म्हणाली, कान नको, माइक धर.

हळदीकुंकवाला नव्वद-शंभर बायका. काळ्या साड्या, हलव्याचे दागिने, पोरं खुर्च्यांच्या मधून पळतायत. पुरुष मंडळी गाड्यांच्या मागे उभी राहून बघणारी, बायकोला न्यायला आलोय असं दाखवत. हंसाबेनने माइक घेऊन जाहीर केलं की ह्या माणसाने अकरा दिवस सांभाळून शेवटच्या दोन तासांत थाप मारली, पैज हरला, आणि कुठली थाप ते तो स्वतः सांगेल. मला प्लास्टिकच्या खुर्चीवर चढवलं. खुर्ची डुगडुगली. पहिल्या रांगेत नीलिमा, हाताची घडी घालून. आणि तिच्या शेजारच्या खुर्चीत, कपाळाला हळदीकुंकू, मांडीवर चाळण, ए विंगची नवी भाडेकरीण. क्षितिजा. हंसाबेननेच तिला आग्रहाने बसवून घेतलं होतं.

पहिला मजला ओरडला, आमचा घ्या.

"खिडकीत माकड, गॅलरीत खार,
नीलिमाच्या बोलण्यापुढे माझी कायम हार."

टाळ्या. नीलिमाने मान हलवून मंजूर केलं, हे खरं आहे म्हणून.

दुसऱ्या मजल्याचा संचिताने मागितला. अनुष्का तिच्या मागे उभी, हातात सायन्सचं पुस्तक, बोट पानात घालून.

"अकरा महिन्यांचा करार, बाराव्याचा घोर,
नीलिमाच्या संसारात मीच मोठं पोर."

तिसरा मजला माझाच. क्षितिजा माझ्याकडेच बघत होती. वाक्य खरं असायला पाहिजे, अशी अट.

"बेंजो नाही, ताशा नाही, वर आम्ही दोनच माणसं,
नीलिमाबरोबर गॅलरीत बसून खातो मक्याची कणसं."

आधी क्षितिजाला काही कळलं नाही. मग कळलं. तिचं तोंड उघडं राहिलं, तिने गाड्यांच्या मागे उभ्या असलेल्या निकेतला शोधलं, वर तीनशे चारच्या अंधाऱ्या खिडकीकडे बघितलं आणि मग हंसाबेनकडे. हंसाबेन दुसरीकडे बघून कोणाला तरी हळद लावत होती. क्षितिजाने हातातली चाळण वर उचलली आणि ती मला फेकून मारणार असं मला वाटलं. तिने ती मांडीवर आपटून ताल धरला. चौथा मजला लगेच मागे लागला, आणि मग सगळ्यांनीच चाळण्या बडवायला सुरुवात केली. पार्किंग नुसतं दणाणून गेलं. कंपाउंडच्या भिंतीवर बसलेली दोन माकडं उठून जंगलात निघून गेली.

चौथा घेतला, पाचवा घेतला. सहाव्याला अडकलो, घाम फुटला, खुर्चीवरनं पाय घसरला, तर शिवाने पुढे होऊन खुर्ची दोन्ही हातांनी धरली. सहावा कसाबसा जुळवला, तो इथे लिहिण्यासारखा नाही, पण खरा होता. मग सातव्या मजल्याच्या बायका उभ्या राहिल्या. त्या एवढा वेळ थांबल्या होत्या, त्यांना चांगला हवा होता.

"रथसप्तमीच्या हळदीकुंकवाला वाणात दिली चाळण,
तीस वर्षांत नीलिमाला जमलं नाही मला लावायला वळण."

नीलिमा पदर तोंडाला लावून हसायला लागली. मी खाली उतरायला पाय काढला, तर हंसाबेनने माझ्या हातातला माइक न घेता परत माझ्या तोंडाशी ढकलला. म्हणाली, सहाव्यात यमक नाय जुळलं, तो मोजला नाय जाणार, फिरसे घ्या. सातवा मजला म्हणाला, बरोबर आहे. मी शिवाला सांगितलं, खुर्ची नीट धर, आणि घसा खाकरला.